एका 'च'ची गोष्ट

शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलं. त्यातली निदान वीस वर्षं तरी नववी-दहावीचं व्याकरण माझ्याकडे असायचं. शब्दयोगी अव्ययं शिकवताना 'च' आला की मी फळ्यावर दोन वाक्यं लिहायचे. 'तू यायला पाहिजे.' आणि 'तू यायलाच पाहिजे.' मग विचारायचे, "काय फरक पडला रे?" एकदा मागच्या बाकावरून उत्तर आलं होतं, "बाई, दुसऱ्या वाक्यात छडी आहे!" सगळा वर्ग हसला, मीही हसले. आणि मग 'च' हे शुद्ध शब्दयोगी अव्यय आहे, ते लागताना शब्दाचं सामान्यरूप होत नाही, वगैरे नेहमीचं लिहून दिलं.

त्या पोराचं उत्तर किती खरं होतं, हे कळायला मला वयाची चौऱ्याहत्तरी गाठावी लागली. आणि ते शिकवलं माझ्या मुलीच्या वयाच्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी. त्याचीच ही गोष्ट.

माझा नातू इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर तो हळूहळू गप्प होत गेला. आधी जेवायला उशिरा यायला लागला, मग ताट खोलीत न्यायला लागला. रात्रभर दिवा चालू, सकाळी अकरापर्यंत झोप. मुलगा सकाळी सातच्या आत अंधेरीची गाडी पकडायला बाहेर पडतो, सूनबाईंची बँक. घरात आम्ही दोघंच, मी आणि ते बंद दार. कॉलेज कसं चाललंय विचारलं की "ठीक".

दिवाळीनंतर कळलं की तीन विषयांत केटी लागली आहे, आणि दीड महिना तो कॉलेजला गेलेलाच नाही. सकाळी निघायचा, विरार लोकलने इकडून तिकडे हिंडायचा आणि संध्याकाळी परत.

त्या रात्री मी त्याला समोर बसवलं आणि माझं व्याख्यान सुरू झालं. आम्ही कंदिलावर अभ्यास कसा केला, वडिलांचा पगार किती होता, सगळं! तो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी मी म्हणाले, "आपल्या घरात आजवर कुणी नापास झालेलं नाही. शिक्षिकेच्या घरात हे असं होताच कामा नये."

त्याने हातातला घास ताटात ठेवला, उठला, आणि दार लावून घेतलं. त्यानंतर तो माझ्याशी महिनाभर बोलला नाही.

मंडळी, त्या वाक्यात दोन गोष्टी होत्या. एक 'च' होता, आणि एक खोटं होतं. खोट्याकडे नंतर येते.

मानसशास्त्रज्ञांकडे जायचं सूनबाईंनी सुचवलं. माझी पहिली प्रतिक्रिया काय असेल, ओळखा. "अगं, त्याला काय वेड लागलंय का?"

आमच्या लहानपणी कुणी जरा विचित्र वागलं की 'याला ठाण्याला पाठवा' असं म्हणायची पद्धत होती. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. त्यामुळे 'ठाणे' हा शब्दच थट्टेचा झाला होता. गंमत म्हणजे वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती, पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. म्हणजे रेशनकार्डापासून सातबाऱ्यापर्यंत आम्ही सगळे ठाण्याचेच, आणि तरी ठाण्याला जायची लाज!

पण त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी आणि डॉ. शुभा थत्ते यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आय.पी.एच., ही संस्था सुरू केली. नाडकर्णी मनोविकारतज्ज्ञ, थत्ते क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. या दोन वेगळ्या विद्या आहेत आणि त्यांनी हातात हात घालून काम करायचं असतं, हे आमच्यासारख्या सामान्य माणसांना त्या संस्थेमुळे दिसलं. रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' हे शब्द तिथे रुळले. मराठीची शिक्षिका म्हणून मला ते फार आवडले होते. नाडकर्णींच्या एका पुस्तकाचं नावच 'शहाण्यांचा सायकिअॅट्रिस्ट' आहे. ते मी वाचलंही होतं. दुसऱ्यांच्या घरासाठी हे सगळं मला मान्य होतं हो! स्वतःच्या घराची वेळ आली तेव्हा तोंडातून 'वेड' हाच शब्द बाहेर पडला.

सूनबाई शांतपणे म्हणाल्या, "आई, दात दुखला तर आपण डेंटिस्टकडे जातो की नाही?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक शनिवार ठरला. नातूसाहेब यायला तयार झाले याचंच मला नवल वाटलं. नंतर कळलं, त्याला सूनबाईंनी एवढंच सांगितलं होतं की तिथे तुला कुणी उपदेश करणार नाही.

वसई पश्चिमेला अंबाडी रोडवर एका इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेर चार खुर्च्या आणि पाण्याची बाटली. मी आपली आजी या नात्याने पुढे झाले आणि शाळेत नवीन शिक्षकाची मुलाखत घ्यायचे तसं विचारलं, "तुमचं शिक्षण काय?"

सूनबाई संकोचल्या, पण त्या बाई मात्र छान हसल्या. म्हणाल्या, "बरं झालं विचारलंत. सगळ्यांनी विचारायला हवं." आणि त्यांनी सांगितलं. मानसशास्त्रात बी.ए., मग एम.ए., आणि त्यानंतर क्लिनिकल सायकॉलॉजीचं दोन वर्षांचं एम.फिल. हे एम.फिल. घरी बसून पुस्तकं वाचून होणारं नव्हतं. मनोरुग्णालयाच्या वॉर्डात, बाह्यरुग्ण विभागात वरिष्ठांच्या देखरेखीखाली रोज काम. रुग्णाची आणि त्याच्या घरच्यांची हकीकत घ्यायची, बुद्धीच्या आणि स्वभावाच्या चाचण्या करायच्या, अहवाल लिहायचा, आणि वरिष्ठांनी तो लाल करून परत दिला की पुन्हा लिहायचा. (हे ऐकून मला बरं वाटलं. लाल शाई आमच्याही धंद्यातली!)

भिंतीवर भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीचं प्रमाणपत्र होतं. ही परिषद १९९२ च्या कायद्याने चालते आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद तिच्या रजिस्टरमध्ये असावी लागते. बाई म्हणाल्या, "कुणाकडेही जा, आधी हा नंबर विचारा. आजकाल पाटी कुणीही लावतं."

औषधांचं मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी औषध देत नाही, तो माझा अधिकार नाही. सायकिअॅट्रिस्ट म्हणजे एम.बी.बी.एस. होऊन पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर. औषध ते देतात. माझं काम बोलण्याचं. त्यापेक्षा ऐकण्याचं." मग नातवाला आत घेऊन दार लावलं. मी बाहेर पन्नास मिनिटं बसून होते.

बाहेर आल्यावर त्यांनी सूनबाईंना, नातवाच्या समोर आणि त्याच्या परवानगीने, एवढंच सांगितलं की झोप आणि भूक दोन्ही बिघडलेली आहे, म्हणून एकदा सायकिअॅट्रिस्टना दाखवून घ्या, औषधाची गरज आहे का ते डॉक्टर ठरवतील. त्याप्रमाणे दाखवलं. काही महिने एक गोळी घ्यावी लागली. 'बोलून सगळं बरं होतं' असा त्यांचा दावा नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते आहे.

तिसऱ्या खेपेला मी नातवाबरोबर एकटीच गेले होते. तो पाणी प्यायला खाली गेला तेवढ्यात मी हळूच विचारलं, "काय म्हणतो हो आमचा मुलगा?"

"ते मी सांगू शकत नाही, बाई."

"अहो, मी त्याची आजी आहे."

"हो ना. पण तो एकोणीस वर्षांचा आहे आणि तो माझ्याशी विश्वासाने बोलतो आहे. त्याच्या जिवाला धोका आहे असं वाटलं असतं तर मी घरच्यांना त्याच दिवशी सांगितलं असतं. तसं मी त्याला पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारलं होतं."

मी घाबरले. म्हटलं, "असलं विचारायचं? त्याच्या डोक्यात नसेल तर भरेल ना!"

"नाही भरत. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणसाला हलकं वाटतं. न विचारण्यातच धोका जास्त."

हे मला नवीन होतं. शाळेत मी किती मुलांना हा प्रश्न विचारायला हवा होता आणि विचारला नाही, ते चेहरे त्या क्षणी डोळ्यांपुढे आले. असो. मनातलं गुप्त ठेवण्याचा हा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही आहे, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मात्र मला रागच आला. पन्नास वर्षांत वसईत मला 'सांगू शकत नाही' असं कुणी म्हटलं नव्हतं! पालक मला सगळं सांगायचे, मुलं मला सगळं सांगायची. निदान माझी तशी समजूत होती.

माझा चेहरा बघून बाई म्हणाल्या, "त्याच्याबद्दल नाही बोलता येणार. पण तुम्हाला तुमच्याबद्दल बोलायचं असेल तर जरूर या."

"मला काय झालंय?"

"काही झालेलं नाही. पण तुम्ही इथे तीन वेळा आलात, आणि तिन्ही वेळा रुमालाला पीळ घालत बसला होतात."

पुढच्या बुधवारी मी गेले. घरी सांगितलं, बाजारात जाते.

माझी समजूत होती की आता त्या मला डोळे मिटून लहानपण आठवायला लावणार, स्वप्नं विचारणार. तसलं काही झालं नाही. त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि त्यावर तीन कप्पे आखले. अगदी फळ्यावर आखावेत तसे.

"बाई, तुम्ही वसई रोड स्टेशनवर उभ्या आहात. घोषणा होते, चर्चगेट फास्ट रद्द. शेजारी दोन बायका आहेत. एक कपाळाला हात लावून थरथरते, 'आता माझं संपलं.' दुसरी चरफडते, ऑफिसला फोन करते आणि पुढच्या गाडीची वाट बघते. गाडी एकच. मग फरक कशाने पडला?"

मी म्हटलं, "दुसरीचा साहेब चांगला असेल."

बाई खळखळून हसल्या. "असेल. मग साहेबही एकच धरा."

मग मला म्हणावं लागलं की फरक त्या मनात काय म्हणाल्या त्याने पडला. पहिल्या कप्प्यात घटना, तिसऱ्यात आपली अवस्था, आणि मधल्या कप्प्यात आपण स्वतःशी बोललेलं वाक्य. आपण समजतो की घटनेमुळे अवस्था झाली. मधलं वाक्य इतक्या झटकन होऊन जातं की ते ऐकूच येत नाही. या उपचारात ते वाक्य ऐकायला शिकवतात, आणि मग ते खरं आहे का, उपयोगाचं आहे का, हे तपासायला लावतात.

या पद्धतीला मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती म्हणतात, इंग्रजी नावावरून आर.ई.बी.टी. तिचे जनक अल्बर्ट एलिस. त्यांची कहाणी मी पुढे मिळवून वाचली. जन्म १९१३, अमेरिकेत पिट्सबर्गला, वाढले न्यूयॉर्कमध्ये. लहानपणी मूत्रपिंडाच्या दुखण्याने वरचेवर हॉस्पिटलात, आणि आईवडील भेटायलाही फारसे यायचे नाहीत. तरुणपणी बायकांशी बोलायची इतकी भीती की एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःवरच प्रयोग केला. महिनाभर रोज बागेत जायचं आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून बोलायला लागायचं. शंभराच्या वर बायकांशी ते बोलले. भेटायला यायचं कबूल केलं एकीने, आणि तीही आली नाही! पण कुणी त्यांना खाल्लं नाही, पोलिसात दिलं नाही. भीती गेली.

त्यांची पहिली पदवी व्यापार शिक्षणातली. मग कोलंबिया विद्यापीठातून १९४३ ला एम.ए. आणि १९४७ ला क्लिनिकल सायकॉलॉजीत पीएच.डी. पुढे फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाचं रीतसर शिक्षण घेऊन तीच पद्धत वापरायला लागले. पण रुग्ण वर्षानुवर्षं कोचावर पडून बोलतो, त्याला भूतकाळ समजतो आणि तरी तो बरा होत नाही, हे बघून त्यांचं मन त्यातून उडालं. १९५५ पासून त्यांनी स्वतःची पद्धत मांडली. तिचं मूळ एपिक्टेटस नावाच्या प्राचीन तत्त्वज्ञात होतं. हा एपिक्टेटस आधी गुलाम होता. माणसाला गोष्टी त्रास देत नाहीत, गोष्टींविषयीची त्याची मतं त्रास देतात, हे त्याचं सांगणं. एलिस २००७ साली, ९३ व्या वर्षी गेले.

आपल्याकडे हा विचार आणला मुंबईच्या कि. मो. फडके यांनी. एलिस यांच्याशी त्यांनी पत्रांतून जवळजवळ तीन तपं संवाद ठेवला, त्यांच्या न्यूयॉर्कच्या संस्थेची फेलोशिप मिळवलेले ते पहिले भारतीय, आणि त्यांनी हे सगळं मराठीत लिहिलं. अंजली जोशी यांची 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरीही मला वाचनालयात मिळाली. ज्यांना शास्त्रीय पुस्तक जड वाटतं त्यांनी तिथून सुरुवात करावी.

पण हे वाचन नंतरचं. त्या बुधवारी माझ्यापुढे तो तीन कप्प्यांचा कागद होता. पहिल्या कप्प्यात मी लिहिलं, 'नातवाला तीन केट्या.' तिसऱ्यात, 'झोप नाही, छातीत धडधड, त्याचा राग, स्वतःचा राग.' मधला कप्पा रिकामा. बराच वेळ गेला. मग लिहिलं, 'तो पास झालाच पाहिजे. शिक्षिकेच्या घरात असं होताच कामा नये. झालं तर आपली अब्रूच गेली.'

बाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला. "तुम्ही मराठीच्या ना? यातली अव्ययं अधोरेखित करा बघू."

मी पेन घेतलं. तीन वाक्यं आणि तीन 'च'.

"आता ते काढून वाक्यं परत लिहा."

'तो पास व्हावा असं मला फार वाटतं. शिक्षिकेच्या घरात असं झालं नसतं तर बरं होतं.' तिसरं वाक्य जमेना. 'च' काढला तर त्यात खरं असं काही उरतच नव्हतं. कुणाची अब्रू? कुणापुढे? वसई गावात मला नावाने ओळखणारे आता उरलेत किती!

मी मात्र सहजासहजी ऐकणारी नाही. मी म्हटलं, "अहो, हा 'च' नसता तर आमची पिढी शिकलीच नसती. 'केलंच पाहिजे' म्हणून तर केलं. आता तुम्ही सगळंच सैल सोडायला सांगता."

त्या म्हणाल्या, "सैल नाही सोडायचं. इच्छा कितीही तीव्र ठेवा. तो नापास झाला तर वाईट वाटू दे, वाईट वाटायलाच हवं. काळजीही वाटू दे. दुःख माणसाला हलवतं, काहीतरी करायला लावतं. हट्ट माणसाला गोठवतो. मला सांगा, तुम्ही 'च'मुळे शिकलात, की 'च'चं ओझं घेऊन शिकलात?"

मी उत्तर दिलं नाही. आजही ते मला पूर्ण पटलंय असं नाही. परीक्षेची तारीख 'च' घेऊनच येते, फीची तारीखसुद्धा. पण त्यांनी जाता जाता एक प्रश्न विचारला, तो मात्र थेट आत गेला.

"बाई, तुम्ही इतकी वर्षं पेपर तपासलेत. मार्क कुणाला दिलेत, उत्तरपत्रिकेला की मुलाला?"

रिक्षात बसल्यावर मला रडू आलं. कारण वहीवर मी मार्क उत्तराला देत होते, पण तोंडाने मुलाला देत होते. 'तुझ्याकडून काही होणार नाही' हे वाक्य चौतीस वर्षांत मी किती जणांना म्हटलं असेन? ती मुलं आज पन्नाशीची आहेत. पार नाक्यावर भेटतात, वाकून नमस्कार करतात, पिशवीत सुकेळी घालतात. त्यांच्यातला एखादा अजून मनात ते वाक्य म्हणत असेल का? आणि म्हणत असला तर मी आता काय करू शकते?

आता त्या खोट्याकडे येते.

एका भेटीत बाईंनी विचारलं, "'आपल्या घरात कुणी नापास झालेलं नाही' असं तुम्ही म्हणालात. खरंच नाही?"

मी १९६९ साली इंटर आर्ट्सला इंग्रजीत नापास झाले. मराठी माध्यमाची मुलगी, वसईहून गाडीने मुंबईला कॉलेजला जाणारी. वर्गात प्राध्यापक इंग्रजीत बोलत आणि मी शब्द टिपून घ्यायचे, अर्थ घरी येऊन शब्दकोशात. निकाल लागला त्या दिवशी वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी गावात सांगितलं, मुलीला कावीळ झाली होती म्हणून वर्ष गेलं. तेव्हापासून ती कावीळ खरी झाली. सासरी तीच सांगितली. ह्यांना तीच माहीत होती. बेचाळीस वर्षांच्या संसारात मी ह्यांनाही खरं सांगितलं नाही. ते २०१६ साली गेले. जाताना त्यांना ती कावीळच माहीत होती.

पंचावन्न वर्षांहून जुनी गोष्ट मी त्या दोन खोल्यांत पहिल्यांदा उच्चारली. बाईंनी धक्का बसल्यासारखं केलं नाही, 'त्यात काय एवढं' असंही म्हणाल्या नाहीत. थोडं थांबून त्यांनी विचारलं, "त्या अठरा वर्षांच्या मुलीला आज तुम्ही काय सांगाल?"

मला सांगता येईना. 'काही बिघडत नाही गं' एवढं म्हणायलाही मला शब्द सापडेनात. इतर मुलींना मी हजारदा म्हटलं होतं.

नातवाला सांगा, असं बाईंनी मला एकदाही सुचवलं नाही. हे त्यांच्या कामातलं मला सर्वांत अवघड वाटतं. मी असते तर दहा वेळा सांगितलं असतं! शिक्षकाला उत्तर माहीत असताना गप्प बसवत नाही. त्या प्रश्न विचारतात आणि थांबतात. थांबण्याचं शिक्षण आम्हाला बी.एड.ला कुणी दिलं नाही. माझ्या तासाला प्रश्न विचारल्यावर मी पाचपर्यंतही मोजत नसे, लगेच पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीकडे वळायचे.

फेब्रुवारीतली एक संध्याकाळ. वीज गेली होती. नातू गॅलरीत येऊन बसला, पंखा नाही म्हणून. मी तिथेच होते. म्हटलं, "तुला एक सांगायचंय. मी इंटरला नापास झाले होते. इंग्रजीत. ती कावीळ वगैरे सगळं खोटं."

तो काही बोलला नाही. मीही पुढे काही बोलले नाही. तात्पर्य सांगायचा मोह होत होता, खोटं कशाला बोलू, पण आवरला. खाली कुणीतरी इन्व्हर्टरवरून भांडत होतं ते आम्ही दोघं ऐकत बसलो.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "किती मार्क पडले होते?"

"शंभरात सव्वीस."

"मला एका पेपरात अकरा होते, आजी."

आणि आम्ही दोघंही हसलो. हसताना मला दिसलं की तो बराच वारला आहे, कॉलर गळ्याभोवती सैल झाली आहे. मग मी त्याला जवळ घेतलं. एकोणीस वर्षांचा मुलगा, पण आला जवळ.

ही जादू झाली असं मात्र समजू नका. तीनपैकी दोन विषय सुटलेत, एक अजून राहिलाय. मधे मार्चमध्ये पुन्हा चार दिवस दार बंद होतं. गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी करून बंद केली, बाईंकडे तो आता महिन्यातून एकदा जातो. तिथे काय बोलतो, मला माहीत नाही. विचारायचा मोह होतो, विचारत नाही. आणि माझ्या तोंडून 'च' अजूनही निघतो. आता घरात खेळच झालाय, माझ्या वाक्यात 'च' आला की तो एक बोट वर करतो. परवा एका जेवणात सात झाले!

आमच्या पिढीतल्या माझ्या मैत्रिणींना या गोष्टीची थोडी लाज वाटते, हे मला माहीत आहे. म्हणून एक आकडा सांगते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातल्या प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी काही ना काही मानसिक त्रास होता. म्हणजे दहा माणसांत एक. लोकलच्या एका डब्यात किती, तुम्हीच हिशोब करा. आणि ज्यांना जवळपास कुणी सापडत नाही त्यांच्यासाठी २०२२ च्या ऑक्टोबरपासून सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा आहे, १४४१६ हा नंबर. दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत. घरात कुणाचं दार फार दिवस बंद दिसलं तर फोन करा. व्याख्यान देऊ नका. मी देऊन बघितलंय.

गेल्या आठवड्यात कपाट आवरताना माझी १९६९ सालची ती गुणपत्रिका सापडली. वडिलांनी ती फाडली नव्हती, लिफाफ्यात घालून माझ्या बी.ए.च्या प्रमाणपत्राखाली ठेवली होती. मी ती नातवाला दाखवली. त्याने नीट बघितली, म्हणाला, "आजी, मराठीत एकाहत्तर आहेत की."

ते माझ्या इतक्या वर्षांत लक्षातच नव्हतं. (हा 'च' राहू दे.)